मायक्रोवेव्हमध्ये चेस्टनट दरवेळी बिघडतात? मिनिटं बदलण्याआधी त्यांतलं पाणी तपासा

चार वर्षं झाली, आमचे भाऊजी दिवाळीला दिल्लीहून नागपूरला येताना किलोभर चेस्टनट घेऊन येतात. त्यांतली पहिली तीन वर्षं मी ते मायक्रोवेव्हमध्ये बिघडवले. पहिल्या वर्षी फुटले. दुसऱ्या वर्षी फुटले नाहीत, पण गार झाल्यावर सुपारीसारखे कडक झाले. तिसऱ्या वर्षी गर मऊ होता, पण आतला तपकिरी पापुद्रा असा चिकटलेला की नखं दुखेपर्यंत खरवडून शेवटी हातात भुगाच आला.

दरवेळी मी एकच गोष्ट बदलत होते, ती म्हणजे मिनिटं. अर्धा मिनिट कमी, एक मिनिट जास्त, पॉवर जरा खाली. तक्रारी तीन होत्या म्हणून कारणंही तीन असतील असं वाटायचं. कारण एकच निघालं: पाणी. फळात पाणी किती उरलंय, ते वाफ होऊन बाहेर पडायला वाट आहे का, आणि गर शिजायच्या आधीच ते निघून जातंय का. एवढं पाहायला लागल्यापासून एकही खेप वाया गेलेली नाही. ज्यांच्याकडे हेच वारंवार होतंय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहिते.

आधी वस्तू कोणती ते नक्की करू, कारण आपल्याकडे इथेच घोटाळा होतो. चेस्टनट म्हणजे शिंगाडा नव्हे. भंडारा-गोंदियाच्या तलावांतून दिवाळीच्या सुमारास येणारे शिंगाडे ही पाण्यात वाढणारी वनस्पती. चायनीज पदार्थांसाठी डब्यात मिळतो तो वॉटर चेस्टनट तिसराच, तो एका लव्हाळ्याचा कंद आहे. आपण बोलतोय तो चेस्टनट झाडावर, दाट सुयांसारख्या काट्यांच्या बोंडात येतो. रंग गडद तपकिरी, बहुतेक वेळा एक बाजू चपटी, टोकाला नारळासारखी बारीकशी शेंडी. कुणी डोंगरात फिरायला गेलं आणि झाडाखालची फळं वेचून आणली, तर ही शेंडी आधी बघा. गोल गरगरीत, गुळगुळीत, बिनशेंडीचं फळ हॉर्स चेस्टनट असू शकतं. ते विषारी असतं आणि भाजल्यानं त्याचं विष जात नाही. शंका असेल तर खाऊ नका.

शेंगदाण्याचा हिशोब इथे लागू होत नाही

माझी पहिली चूक ही होती. मायक्रोवेव्हमध्ये शेंगदाणे आपण सगळेच भाजतो. ताटलीत पसरायचे, तीन-चार मिनिटं, मध्ये एकदा हलवायचे, की कुरकुरीत. मी चेस्टनटलाही तेच केलं. पण शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं आणि पाणी अगदी थोडं. चेस्टनटचं बरोबर उलटं आहे. ताज्या फळात जवळपास निम्मं पाणी, उरलेलं बहुतेक पिठूळ स्टार्च, आणि तेल शेकडा दोन-तीनच. नाव सुकामेव्यातलं असलं तरी चुलीवर त्याचं वागणं बटाट्या-रताळ्यासारखं आहे. शेंगदाणा भाजताना आपल्याला पाणी घालवायचं असतं, चेस्टनट शिजेपर्यंत ते आत राखायचं असतं. बटाटा कोरडा, उघडा, फुल पॉवरवर ठेवला तर काय होईल, तेच माझ्या चेस्टनटचं होत होतं.

त्यात आपली नागपूरची हवा. चेस्टनट सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये उतरतात. इथे पोहोचेपर्यंत दिवाळी आलेली असते, थंडी सुरू होते, हवा कोरडी ठणठणीत. ओठ फुटायला लागतात त्याच दिवसांत ओट्यावरच्या परडीत ठेवलेले चेस्टनटही वाळत असतात, फक्त वरून दिसत नाही. दुसऱ्या वर्षी मी अर्धा किलो वजन करून ठेवले होते. सहा दिवसांनी काट्यावर ४४० ग्रॅम भरले. ६० ग्रॅम पाणी स्वयंपाकघरातच उडून गेलं होतं. परदेशातल्या पाककृतींत लिहिलेली मिनिटं ताज्या, ओलसर फळाची असतात. आपण त्या मिनिटांत वाळलेलं फळ घालतो आणि मग मिनिटांना दोष देतो.

तपासायची रीत सोपी आहे. फळ चिमटीत धरून दाबा. ताज्याचं कवच दबत नाही, आत गर ठासून भरलेला असतो. कवच टचकन आत गेलं म्हणजे गर आटलाय. मग सगळे पाण्यात टाका. बुडाले ते चांगले. तरंगले ते लगेच फेकू नका, बाजूला काढा. तरंगण्याची कारणं दोन असतात, एक तर वाळलेत किंवा आत अळी नाहीतर बुरशी आहे. बारीक गोल भोक दिसलं तर ते फळ सरळ बाहेर. बाकीचे तीन-चार तास कोमट पाण्यात ठेवून पुन्हा बघा. काही खाली बसतात, ते वापरा. बसले नाहीत ते कापून पाहा. गर पिवळसर पांढरा असेल तर खिरीला चालेल. काळा-हिरवा झालेला किंवा कुबट वास येत असेल तर पूर्ण फळ टाकून द्या, तेवढाच भाग कापून खाऊ नका.

फुटतात

पहिल्या वर्षी तिसऱ्या मिनिटाला सासूबाई देवघरातून ओरडल्या, "काय फुटून राहिलं गं तिकडे?" दार उघडलं तर आतल्या छताला पिवळा चुरा चिकटलेला आणि काचेची थाळी अर्ध्या कवचांनी भरलेली. मी सुरीच्या टोकानं प्रत्येकाला एक टोचा मारला होता. तेवढं पुरत नाही.

मायक्रोवेव्हच्या लहरी कवच तापवत बसत नाहीत, त्या मुख्यतः आतल्या पाण्याला तापवतात. पाण्याची वाफ झाली की तिला सोळाशे पटीहून जास्त जागा लागते. टोचलेलं भोक फुगलेला गर आतून बंद करून टाकतो, मग वाफ जिथे कवच कमजोर असेल तिथून फोडून निघते. म्हणून टोचा नको, चीर हवी, आणि ती पापुद्र्यापर्यंत जायला हवी.

चीर द्यायचं काम सावकाश करा, सगळ्या कृतीतलं हे सर्वांत महत्त्वाचं. फळं आधी अर्धा तास कोमट पाण्यात ठेवा, कवच चामड्यासारखं नरम होतं. ओट्यावर जाड नॅपकिनची घडी ठेवा, त्यावर फळाची चपटी बाजू खाली, फुगीर बाजू वर. दातेरी छोटी सुरी घ्या, टोमॅटो कापायची असते ती. गुळगुळीत सुरी कवचावरून घसरते आणि बोटावर येते. फुगीर बाजूवर आडवी, या कडेपासून त्या कडेपर्यंत एक लांब चीर द्या. दाबू नका, करवतीसारखी मागे-पुढे फिरवा. कवच कापताना करकर आवाज येतो आणि खालचा पापुद्रा सुटला की हाताला एकदम मऊ लागतं, तिथे थांबा. गर खोल कापलात तर शिजल्यावर त्याचे दोन तुकडे होतात. फुलीही चालते, पण एका लांब चिरेनं कवच जास्त चांगलं उघडतं हा माझा अनुभव.

सासूबाईंनी यावर त्यांचा अडकित्ता काढून दिला. सुपारीसारखं फळ त्यात धरून हलकेच चिमटा घ्यायचा, कवचाला भेग पडते. त्यांचा हात बसलेला आहे, त्या माझ्यापेक्षा दुप्पट वेगानं करतात. पण नवख्या हातानं जोर जास्त लागतो आणि गर चेंगरतो, म्हणून सुरुवात सुरीनंच करा. विळीवर मात्र हे काम करू नका. गोल, टणक फळ विळीच्या पात्यावर टिकत नाही.

बिनचिरेचं एकही फळ आत जाता कामा नये. मोजून घाला. मी २०० ग्रॅम म्हणजे साधारण १५-१६ फळं घेते आणि भांड्यात टाकताना प्रत्येकाची चीर वर आहे ना ते पाहते.

कडक होतात

यात दोन वेगळे प्रकार आहेत. बाहेर काढल्याबरोबर कडक असतील तर पाणी आधीच उडालं आणि गर शिजलाच नाही, नुसता वाळला. स्टार्च मऊ व्हायला उष्णतेबरोबर पाणीही लागतं. काढताना मऊ होते पण दहा मिनिटांत टणक झाले, असं असेल तर ते फ्रिजमधल्या शिळ्या भातासारखं आहे. शिजलेला स्टार्च गार होताना पुन्हा आवळतो, आणि आत पाणी कमी असेल तर जास्तच आवळतो.

दोन्हीवर उपाय म्हणजे झाकण आणि ओल. काचेचं खोलगट भांडं घ्या, चिरा दिलेली फळं एका थरात ठेवा, दोन-तीन चमचे पाणी घाला, वर काचेचं झाकण जरा तिरकं ठेवा, म्हणजे वाफ कोंडेल पण दाब होणार नाही. स्टीलचं भांडं किंवा झाकण अर्थातच नको. फळं मधोमध ढिगानं न ठेवता भांड्याच्या कडेनं गोल मांडा. फिरत्या थाळीच्या अगदी मध्यावरचं फळ जागचं हलतच नाही, त्यामुळे एक तर ते कच्चं राहतं किंवा एकाच ठिकाणी तापून आतून काळं पडतं. बाहेरून चांगलं दिसणारं फळ फोडल्यावर मधोमध जळका डाग निघाला असेल, तर कारण हेच.

८०० वॅटच्या मायक्रोवेव्हला माझं माप असं आहे: २०० ग्रॅमला फुल पॉवरवर २ मिनिटं, भांडं हलवून निम्म्या पॉवरवर ३ मिनिटं, मग झाकण न काढता ४ मिनिटं नुसतं ठेवणं. या शेवटच्या चार मिनिटांत पाणी गरात सगळीकडे सारखं मुरतं, ती गाळू नका. मग एक फळ फोडून बघा. उकडलेल्या बटाट्यासारखा दाबला जायला हवा. गर अजून कचकचीत लागला तर चमचाभर पाणी घालून आणखी एक मिनिट. एका वेळी अर्धा किलो भरायचा मोह टाळा. दोन खेपा करा.

तुमचं यंत्र खरोखर किती वॅट देतंय ते घरी मोजता येतं, आणि एकदा मोजावंच, कारण संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की त्याची ताकदही उतरते. काचेच्या भांड्यात १ लिटर पाणी घ्या, तापमान मोजा, फुल पॉवरवर बरोबर २ मिनिटं ठेवा, ढवळून पुन्हा मोजा. जितके अंश सेल्सिअस वाढले त्याला ३५ नं गुणा. २० अंश वाढले म्हणजे साधारण ७०० वॅट. आमच्याकडे दुपारी आणि रात्री आठला चांगलाच फरक येतो, म्हणून मी हे काम दुपारीच उरकते.

पापुद्रा सुटत नाही

चेस्टनटला दोन सालं असतात. बाहेरचं चकचकीत कवच आणि त्याच्या आत गराला बिलगलेला तपकिरी, तुरट पापुद्रा. कवच कुणीही काढेल, खरी परीक्षा पापुद्र्याची. थोडं जातीवरही असतं. चिनी जातीचा पापुद्रा सहज सुटतो, जपानी जातीचा हट्टी असतो, युरोपीय जातीत तो गराच्या घड्यांमध्ये शिरलेला असतो. आपल्या हातात आलेली जात कोणती ते दुकानदारालाही ठाऊक नसतं, तेव्हा जातीवर खापर फोडून उपयोग नाही.

याची गुरुकिल्ली मला फुटाण्यांच्या भट्टीवर मिळाली. इतवारीकडे जाताना एका भडभुंजाकडे फुटाणे घ्यायला थांबले होते. कढईत काळी पडलेली रेती, त्यात तो मूठभर चणे टाकायचा, झाऱ्यानं भराभर हलवायचा आणि चाळणीत ओतायचा. मी विचारलं, भाऊ, सालं इतकी छान कशी सुटतात? म्हणाला, "ताई, कोरडा चणा टाकून जमत नाही ना. आधी थोडा गरम करा, मग ओल द्या, झाकून ठेवा, मुरू द्या, मग भट्टी. ओल आत गेली म्हंजे सालाला धक्का ती देते, रेती नाही देत."

तेच चेस्टनटचं. आत ओल असेल आणि तो गरम असेल तोवर वाफ पापुद्रा गरापासून उचलून धरते. गार झाला, ओल गेली, की तो पुन्हा चिकटतो. म्हणून मायक्रोवेव्हमधून काढले की लगेच किंचित ओलसर सुती कापडात, जुन्या धोतराचा तुकडा असेल तर उत्तम, पुरचुंडी बांधायची आणि पाच मिनिटं ठेवायची. मग कापडावरूनच दोन्ही तळव्यांनी दाबायचं. चुरचुर आवाज करत कवचं फुटतात. पुरचुंडीतून एका वेळी एकच काढायचं, बाकीचे आत गरमच राहू द्यायचे. चिरेपाशी अंगठ्यानं दाबलं की कवच आणि पापुद्रा टोपी निघावी तसे एकत्र निघतात. बोटांना चटका बसतो हे खरं, आत कोंडलेली वाफ असते, तेव्हा लहान मुलांच्या हाती गरम फळ देऊ नका. आमच्याकडे दोघंजण सोलायला बसतात. एकटीनं सोळा सोलेपर्यंत शेवटचे चार गार होतात. तसे झालेच तर ओल्या कापडात गुंडाळून ३० सेकंद पुन्हा आत.

गोड लागत नाहीत

चीनमधल्या रस्त्यांवर थंडीत मोठ्या कढईत काळ्या रेतीत चेस्टनट भाजतात आणि त्यात साखरेचा पाक घालतात. तिथे त्याला तांगचाओ लीत्झ म्हणतात, साखर घालून परतलेले चेस्टनट. आपल्या भडभुंजाच्या कढईशी साम्य बघून मला फार आनंद झाला होता. पण पाकाबद्दल एक समजून घ्या. ती साखर मुख्यतः कवचावर राहते, चकाकी आणि वास देते. गराचा गोडवा त्याच्या स्वतःच्या स्टार्चपासून येतो.

आणि तो वाढवता येतो. कोल्ड स्टोरेजचा बटाटा गोडसर लागतो आणि तळताना काळा पडतो, हे आपल्याला माहीत आहे. थंडीत स्टार्चची साखर होते. चेस्टनटमध्येही तेच होतं, फक्त इथे ते आपल्याला हवं असतं. आणल्या दिवशीच भाजू नका. भोकं पाडलेल्या पिशवीत, पाणी पिळून काढलेल्या कापडात गुंडाळून फ्रिजच्या सगळ्यांत थंड कप्प्यात १०-१५ दिवस ठेवा, फ्रीजरमध्ये नाही. दर तीन दिवसांनी उघडून पाहा, बुरशीची पांढरी लव दिसलेलं फळ काढून टाका, कापड बदला. दिवाळीला आलेले मी आता देवदिवाळीच्या सुमारास भाजते. फरक पहिल्याच घासाला कळतो.

वरून साखर हवीच असेल तर अर्धी वाटी कोमट पाण्यात २ चमचे साखर आणि पाव चमचा मीठ विरघळवा आणि चीर दिलेली फळं त्यात तासभर ठेवा. चिरेतून थोडं आत जातं. भांड्यात घालायचे दोन-तीन चमचेही याच पाण्यातले घ्या. कोरडी साखर मात्र मायक्रोवेव्हमध्ये फळांवर भुरभुरू नका. ती ठिपक्या-ठिपक्यांनी जळते आणि कडवट वास पूर्ण भांड्याला लागतो.

भाजल्याचा खमंग वास मायक्रोवेव्हमध्ये येत नाही, आणि मिनिटं वाढवली तरी येणार नाही. पाणी आहे तोवर फळ १०० अंशांच्या आसपासच राहतं, आणि खमंगपणाला त्याहून बरंच जास्त तापमान लागतं. पाणी संपेपर्यंत वाट पाहिली तर पुन्हा दगड. माझा मार्ग असा: शिजलेले, अजून कवचातलेच चेस्टनट तापलेल्या लोखंडी तव्यावर टाकायचे, उरलेलं साखरेचं पाणी चमचाभर शिंपडायचं आणि तीन-चार मिनिटं हलवत राहायचं. पाणी आटतं, साखर कवचावर तांबूस चढते, चिरेच्या कडा करपूस होतात आणि घरभर वास सुटतो. मग पुरचुंडी. मायक्रोवेव्हनं शिजवायचं आणि तव्यानं भाजायचं, ही वाटणी एकदा मान्य केली की दोन्हीकडची ओढाताण थांबते.

आधीच बिघडलेत, त्यांचं काय?

कडक झालेले फेकू नका. कुकरमध्ये बुडेल इतकं पाणी घालून तीन शिट्ट्या द्या, गरमच सोला, आणि दुधात कुस्करून वेलची-साखर घालून शिजवा. रताळ्याच्या खिरीच्या जवळ जाणारी खीर होते. आतून जळून काळे झालेले मात्र खिरीतही घालू नका, एका फळाचा कडूपणा सगळ्या पातेल्याला लागतो. सोललेले, हवाबंद पाकिटातले तयार चेस्टनट मिळाले असतील तर ते शिजलेलेच असतात. वाटीत काढून झाकून ४० सेकंद गरम करा, एवढंच.

घरात कुणाला सुक्यामेव्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

उपासाला चालतं का, हा प्रश्न आमच्याकडे पहिल्याच वर्षी आला. धान्य नाही, डाळ नाही, झाडाचं फळ आहे, इतकं मी सांगितलं. सासूबाईंनी सोललेलं एक हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, तोंडात टाकलं, आणि म्हणाल्या, "रताळं चालते, शिंगाडा चालते, तर हे काहून नाही?" गेल्या कार्तिकी एकादशीला देवापुढच्या वाटीत पाच चेस्टनट होते, पापुद्रा पूर्ण निघालेले.